खळ्यावरच्या बायांची नावे कोणत्या वहीत आहेत?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कांद्याविषयी आपल्या वृत्तपत्रात जवळजवळ रोज काहीतरी येते, आणि ते यायलाच हवे, कारण निफाड, चांदवड, येवला, देवळा, सटाणा, कळवण या पट्ट्यात कांद्याचा भाव घरातल्या आजारी माणसाच्या तब्येतीसारखा सकाळ-संध्याकाळ विचारला जातो. भाव पडला की शेतकऱ्याचे म्हणणे छापून येते, बाजार समितीचे निवेदन येते, व्यापाऱ्यांची बाजू येते, दिल्लीत कोण काय म्हणाले ते येते. हमाल-मापाऱ्यांनी काम थांबवले तर त्यांच्या पुढाऱ्यांचे छायाचित्रही येते. लिलावात विकलेला कांदा ट्रकमध्ये चढेपर्यंत मधल्या काळात ज्या बायांच्या हातांखालून जातो, त्यांच्याविषयी मात्र चार ओळी वाचल्याचे मला आठवत नाही. हे पत्र त्यांच्याविषयी आहे. ते लांबले आहे, तरी आपण ते कापून अर्धे करू नये अशी आधीच विनंती करते.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. नोकरीची बहुतेक वर्षे निफाड तालुक्यात गेली. निवृत्तीनंतर नाशिकला सिडकोत राहते. या बायांची पहिली ओळख मला शाळेच्या हजेरीपटामुळे झाली. दरवर्षी उन्हाळ कांदा निघू लागला की तिसरी-चौथीच्या ठरावीक मुलींच्या नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा वाढत. त्यांचे भाऊ शाळेत येत, त्या येत नसत. चौकशी केली की उत्तर एकच मिळे : आई खळ्यावर गेली, धाकट्याला सांभाळायला ही सोबत गेली. सुरुवातीला मी पालकांवर रागावले, दोन-तीन घरी जाऊन मुलींच्या शिक्षणावर भाषणही दिले, आणि अशाच एका घरी त्या मुलीच्या आजीने मला शांतपणे विचारले, "बाई, मग ते तान्हं लेकरू तुमच्या वर्गात आणून निजवू का?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढच्या रविवारी मी खळे पाहायला गेले, आणि त्यानंतर रागावणे सोडून दिले.

ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगते, हे धान्य मळायचे खळे नव्हे. बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टरमधल्या कांद्याचा उघड लिलाव होतो, मग शेतकरी तोच ट्रॅक्टर खरेदीदार व्यापाऱ्याच्या जागेवर नेऊन रिकामा करतो. पत्र्याची मोठी शेड, पुढे मोकळे पटांगण, कडेला भरायला लागलेले ट्रक, अशा जागेला लासलगाव, पिंपळगाव बसवंत, विंचूर, उमराणे अशा सगळ्या बाजारगावांत खळे म्हणतात. ट्रॉली रिकामी झाली की ढिगाच्या कडेने बाया घडी घातलेल्या बारदानावर बसतात. सुटे पापुद्रे झाडायचे, पातीचे शेंडे आणि मुळे राहिली असतील तर तोडायची, सडका बाजूला, कोंब आलेला बाजूला, जोड बाजूला, गोल्टी म्हणजे बारीक कांदा वेगळा, साल निघालेला चोपडा वेगळा, आणि उरलेला मोठा, कोरडा, रंगदार माल गोणीत भरायचा. परदेशी जाणाऱ्या कांद्याचा आकार मिलिमीटरमध्ये पाहतात. सरावलेली बाई तो नुसत्या मुठीने सांगते. मोठ्या खळ्यांवर आता प्रतवारीची यंत्रे बसली आहेत, पण यंत्राला आकार कळतो, आतून नरम पडलेला कांदा कळत नाही. तो अंगठ्याने दाबूनच कळतो, म्हणून यंत्राच्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बाया उभ्याच आहेत. नाशिकचा कांदा दुबईला, मलेशियाला, श्रीलंकेला पोहोचेपर्यंत टिकतो याचे श्रेय मातीला, हवेला आणि शेतकऱ्याला आपण देतोच. त्यातला थोडा वाटा या अंगठ्याचाही आहे.

गेल्या महिन्यात एका लग्नाच्या निमित्ताने मी तिकडे गेले होते, आणि लग्न आटोपल्यावर एका खळ्यावर काम करणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थिनीला भेटले. चौथीत असताना तिचे पाढे माझ्या वर्गात सर्वांत पक्के होते. ढिगापासून चार हातांवर, दोन ट्रकांच्या मधल्या सावलीत झोळी बांधलेली होती, झोळीत बाळ होते, आणि झोळीची दोरी ओढत एक सात-आठ वर्षांची मुलगी बसली होती. ती कोणाची आणि कोणत्या शाळेची हे मी विचारले नाही, विचारायची गरज नव्हती. विद्यार्थिनीच्या कमरेला सुतळीचा एक तुकडा खोचलेला दिसला, त्याला ओळीने गाठी मारलेल्या. म्हणाली, "गोणी भरली की एक गाठ मारते, बाई. मुकादमाच्या वहीत कमी भरतात." त्या दिवशी काम रोजावर नव्हते, गोणीमागे होते, गाडी लवकर भरायची असली की असे उक्ते काम देतात. अंधार पडल्यावर तिने माझ्यासमोर गाठी मोजल्या आणि आकडा सांगितला. वहीत दोन गोण्या कमी निघाल्या. हुज्जत झाली, एक वाढवून मिळाली, एक बुडाली. ती वही मी डोकावून पाहिली. त्या पानावर तिचे नाव कुठेच नव्हते. तिच्या नवऱ्याचे नाव होते आणि त्यापुढे 'मंडळी' असे लिहिले होते. नवरा त्या खळ्यावर कामालाही नाही, तो गवंड्याच्या हाताखाली जातो. तिचे नाव मीही इथे लिहीत नाही, कारण लिहिले तर दुसऱ्या दिवशी तिला पिकअपमध्ये जागा मिळणार नाही.

या पिकअपचेही दोन शब्द. मालवाहतुकीच्या त्या गाडीत बाया उभ्याने, एकमेकींच्या खांद्याला धरून, आसपासच्या दहा-पंधरा किलोमीटरवरच्या वस्त्यांवरून येतात. पहाटे साडेचारला उठून पाणी भरायचे, भाकरी थापायच्या, म्हाताऱ्या माणसांचे आणि मुलांचे झाकून ठेवायचे आणि सातच्या आत रस्त्यावर उभे राहायचे. जायची वेळ ठरलेली आहे, यायची नाही. गाडी भरून निघाल्याशिवाय सुट्टी नाही, आणि गाडी किती वाजता भरेल ते सकाळच्या लिलावावर, ट्रकवाल्यावर, कधी रेल्वेच्या वॅगनवर अवलंबून असते. रात्रीचे आठ वाजले तरी दिवसाचा रोज तोच. जास्तीच्या तासांचे पैसे हा विषय मी काढला तेव्हा त्या बायांनी एकमेकींकडे पाहून हसून घेतले, इतका तो त्यांना नवा होता.

दिवसभर मान खाली, पाठ वाकलेली, गुडघे मुडपलेले. कांदाचाळीत साठवलेला कांदा फोडला की पापुद्र्यांवरची काळी बुरशी, जिला तिथे काजळी म्हणतात, धुरळ्यासारखी उडते. तोंडाला पदर बांधला तरी संध्याकाळी थुंकी काळी येते. खोकला धरून बसलेल्या बाया प्रत्येक खळ्यावर आहेत आणि त्या खोकल्याला कोणी आजार म्हणत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली उभे राहून पाहावे, म्हणजे शेड सावलीसाठी असते हा आपला समज दूर होतो. मी पाहिलेल्या खळ्यांपैकी बहुतेकांवर स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नव्हते. जिथे एखादे होते तिथे त्याला कुलूप होते आणि किल्ली कार्यालयात, म्हणजे पुरुषांच्या घोळक्यातून मागून आणायची. म्हणून बाया पाणीच पीत नाहीत. सकाळी घरून निघताना घोटभर आणि संध्याकाळी घरी पोहोचल्यावर तांब्याभर, असा त्यांचा हिशेब आहे. लघवीच्या जळजळीसाठी डॉक्टरकडे गेलेल्या एका बाईला डॉक्टरांनी दिवसातून तीन लिटर पाणी प्यायला सांगितले. ती गोष्ट ती मैत्रिणींना विनोद म्हणून सांगत होती. सिंहस्थासाठी 2027 मध्ये येणाऱ्या भाविकांच्या स्वच्छतागृहांची काळजी आपण आतापासून करतो आहोत, ती करावीच. इथे मात्र एका खळ्यावर एक दार आणि त्याची आतली कडी एवढाच प्रश्न आहे आणि तो मी नोकरीला लागले तेव्हापासून सुटलेला नाही.

मजुरीचे आकडे मी मुद्दाम देत नाही, कारण ते खळ्यागणिक आणि आठवड्यागणिक बदलतात आणि एखादा आकडा छापला की चर्चा तेवढ्यावरच अडकते. एवढे मात्र सगळीकडे सारखे आहे की बाईचा रोज गड्याच्या रोजापेक्षा कमी असतो, आणि त्याचे कारण विचारले की बायांचे काम हलके, ते नुसत्या बसून निवडतात, असे सांगतात. ज्याला हे काम हलके वाटते त्याने बारदानावर एक तास बसून पाहावे. संध्याकाळी घरी जाताना पिशवीभर गोल्टी किंवा चोपडा घेऊ देण्याची पद्धत आहे. बायाही ते घेतात, त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही, आणि देणाऱ्याच्या मनातही बहुतेकदा माया असते. पण रोज वाढवून मागितला की हीच पिशवी मध्ये येते : "घरचा कांदा आमच्याकडूनच जातो ना?" एकदा हे वाक्य आले की पुढे बोलणे होत नाही.

आता ज्या गोष्टीमुळे मला हे पत्र लिहावेसे वाटले तिच्याकडे येते. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्र सरकारने कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावले. सप्टेंबरात व्यापाऱ्यांनी जिल्ह्यातले लिलाव बंद ठेवले आणि ते जवळपास दोन आठवडे बंद राहिले. डिसेंबरात निर्यातबंदी आली, ती उठायला मे 2024 उजाडला. त्याआधी, एप्रिल 2024 मध्ये, शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, हमाली, तोलाई, वाराई कापायची की नाही आणि अंगमेहनतीच्या कामगारांसाठीच्या माथाडी मंडळाची लेव्ही कोणी भरायची या वादात अनेक बाजार समित्यांतले लिलाव पुन्हा थांबले. या नऊ-दहा महिन्यांत शेतकऱ्याचे किती नुकसान झाले, व्यापाऱ्याचा किती माल अडकला, सरकारचे किती परकीय चलन बुडाले, हे सगळे छापून आले. लिलाव बंद म्हणजे खळे बंद आणि खळे बंद म्हणजे त्या दिवशी त्या बाईच्या घरात पैसा नाही, ही साखळी इतकी उघड आहे की ती कोणी लिहिली नाही. शेतकरी भरपाई मागू शकतो, कारण त्याच्याकडे सातबारा आहे. व्यापाऱ्याकडे परवाना आहे. हमालाकडे बिल्ला आहे. त्या दोन आठवड्यांत माझ्या विद्यार्थिनीने काय केले हे मी तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली की पहिले चार दिवस घरी बसले, मग दुसऱ्याच्या शेतात निंदणीला गेले, मग कानातले सोनाराकडे ठेवले. कोणाकडे काही मागायला गेलीस का, असे विचारल्यावर तिने मलाच विचारले, "कोणाकडे जायचं?"

त्या एप्रिलच्या वादात सगळे ज्या कायद्याविषयी भांडत होते, तो मी निवृत्तीनंतरच्या रिकामपणात मिळवून वाचला. महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम 1969 सालचा आहे. एका मालकाकडे कायम नसलेल्या, आज इथे तर उद्या तिथे काम करणाऱ्या अंगमेहनतीच्या माणसाला कारखान्यातल्या कामगाराइतके संरक्षण मिळावे, म्हणून मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी आणि पुण्यात बाबा आढाव यांनी रस्त्यावर उतरून केलेल्या झगड्याचा तो वारसा आहे, आणि असा कायदा करणारे आपले राज्य देशात पहिले होते याचा अभिमान आपण बाळगतो. त्याची रचना सोपी आहे : कामगाराची आणि मालकाची नोंद मंडळाकडे होते, मालक मजुरी आणि तिच्यावर लेव्ही मंडळात भरतो, आणि त्या लेव्हीतून कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी), रजा, औषधोपचार चालतो. या कायद्याच्या अनुसूचीत जी कामे दिली आहेत त्यांत कांदा-बटाट्याचे बाजार आहेत, आणि त्या बाजारांतली कामे सांगताना चढवणे, उतरवणे, थप्पी लावणे, वाहणे, तोलणे, मापणे यांच्या पंक्तीत भरणे, शिवणे, निवडणे आणि साफ करणे हे शब्दही आहेत.

निवडणे आणि साफ करणे. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली, कारण मला वाटत होते की या बाया कायद्यातून सुटल्या आहेत आणि त्यांच्यासाठी नवा कायदा मागावा लागेल. कायदा करणाऱ्यांनी काम बरोबर ओळखले होते. गोणी उचलणारा माथाडी झाला, गोणी तोलणारा मापारी झाला, त्यांच्या संघटना झाल्या, आणि त्याच गोणीत कांदा निवडून भरणारी बाई, जिचे काम त्याच वाक्यात लिहिलेले आहे, ती मुकादमाच्या वहीत 'मंडळी' राहिली. माझ्या ओळखीच्या पंचवीस-तीस बायांपैकी एकीचीही कुठे नोंद नाही. मापाऱ्यांच्या आणि हमालांच्या संघटनांना मी दोष देत नाही, त्यांनी स्वतःच्या हक्कासाठी खस्ता खाल्ल्या आहेत. पण लेव्हीवरून लिलाव बंद पडले त्या दिवसांत, आमच्याच खळ्यावर आमच्याच शेजारी बसलेल्या बायांचे काय, असे त्यांच्यापैकी कोणी म्हटल्याचेही माझ्या वाचनात आले नाही.

एकदा मी यासाठी एका कार्यालयात गेले होते. तिथल्या गृहस्थांनी मला चहा दिला आणि सांगितले की खळे बाजार समितीच्या आवाराबाहेर खासगी जागेत असते, त्यामुळे ते बाजारात मोडत नाही. दुसरीकडे गेले तर कळले की कांदा हा शेतमाल असल्याने निवडणी हे शेतीकाम, आणि शेतमजुरांचा विषय वेगळा. तिसऱ्या ठिकाणी सांगितले की बाया रोजावर येतात आणि दररोज वेगळ्या येतात, तेव्हा नोंद कोणाची करायची? शेवटचे उत्तर ऐकून मला हसू आले, कारण दररोज वेगळ्या ठिकाणी काम असणे हीच तर 1969 चा कायदा होण्यामागची अडचण होती. राहिला शेतीकामाचा मुद्दा. लिलाव झाला, भाव ठरला, पट्टी झाली की तो कांदा शेतकऱ्याचा राहत नाही. त्यानंतर त्याची जी निवड होते ती व्यापाऱ्याच्या मालाची, व्यापाऱ्याच्या गिऱ्हाइकासाठी आणि व्यापाऱ्याच्या जागेवर होते.

हा मुद्दा मी शेतकरी वाचकांसाठीही ठळक सांगते, कारण बायांची नोंद करा म्हटले की पट्टीतून आणखी एक कपात येणार अशी त्यांना भीती वाटेल आणि ती वावगी नाही. निवडीची मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही शेतकऱ्याच्या पट्टीत येऊच शकत नाही, कारण ते काम विक्रीनंतरचे आहे. व्यापाऱ्यांचीही एक बाजू आहे. रातोरात निघालेल्या अधिसूचनेने ज्याचे कंटेनर बंदरात अडकतात, त्याला आणखी एका मंडळाचा हिशेब नको वाटणे मी समजू शकते, आणि काही खळ्यांवर मी पाण्याचा माठ, पंखे आणि दुपारचा चहा पाहिला आहे, तोही सांगायला हवा. चांगल्या मालकाला तर नोंदीची भीती कमी असायला हवी, कारण शेजारच्या खळ्यावर कमी रोजात काम उरकणारा त्याचाही स्पर्धक आहे.

सर्वांत अवघड आक्षेप बायांचा स्वतःचा आहे. वहीत नाव लागले की काम जाईल, असे त्यांना वाटते. त्यांच्यात विधवा आणि टाकलेल्या बाया बऱ्याच आहेत. त्यांपैकी काहींना संजय गांधी निराधार योजनेचे पैसे मिळतात, आणि त्या योजनेची उत्पन्नमर्यादा इतकी खाली आहे की कुठेतरी मजुरी लिहिली गेली तर ते पैसे बंद होतील ही त्यांची भीती मला खोटी म्हणता येत नाही. सरकारच्या एका हाताने दिलेल्या पैशासाठी दुसऱ्या हाताने दिलेला हक्क लपवावा लागावा, याची उकल मंत्रालयात बसलेल्यांनी करायची आहे, खळ्यावरच्या बाईने नव्हे.

ई-श्रमचे कार्ड या बहुतेकींकडे आहे. ऑगस्ट 2021 मध्ये ते संकेतस्थळ सुरू झाले, देशभरात 30 कोटींहून अधिक असंघटित कामगारांची नोंद झाली, आणि त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत. बायांनी सेवा केंद्रात पैसे मोजून कार्डाला प्लास्टिकचे आवरण करून घेतले आणि ते पत्र्याच्या पेटीत ठेवले. त्या कार्डावर बारा आकडी क्रमांक आहे, पण ती कोणाकडे काम करते हे नाही, त्यामुळे रोज बुडाला तर ते कार्ड दाखवायचे कोणाला? नोव्हेंबर 2025 मध्ये 29 कामगार कायद्यांच्या जागी चार श्रम संहिता अमलात आल्या. एकाच प्रकारच्या कामासाठी मजुरीत स्त्री-पुरुष भेद करायचा नाही असे वेतन संहिता सांगते, आणि प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र द्यायचे आहे असेही जाहीर झाले आहे. मी ते विद्यार्थिनीला सांगितले. तिने कमरेची सुतळी काढून दाखवली आणि म्हणाली, "हेच माझं पत्र."

माझ्या आईची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1972 च्या दुष्काळात ती खडी फोडायच्या कामावर जायची. मी तेव्हा लहान होते आणि तिच्यामागे भाकरीचे फडके घेऊन जायचे. त्या कामावर मस्टर, म्हणजे हजेरीपट, होते. कारकून टेबल मांडून बसायचा आणि नाव पुकारायचा, ते नाव आईचे स्वतःचे असायचे, वडिलांचे वेगळे पुकारले जायचे. मजुरी कमी होती, हाल अतोनात होते, त्या दिवसांचे गोडवे मला गायचे नाहीत. पण पुढे रोजगार हमीचा जो कायदा 1977 मध्ये झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला, त्या कामांवर बाई आणि गडी यांना मजुरीचा दर एक होता, प्यायचे पाणी, सावली आणि लहान मुलांना सांभाळायची सोय हे नियमांत होते, आणि ते नसेल तर तहसीलदाराला जाब विचारता येत होता. माझी अशिक्षित आई एकदा तो विचारूनही आली होती. माझी चौथी शिकलेली, सत्तावीसचा पाढा येणारी विद्यार्थिनी आज तो विचारू शकत नाही, कारण विचारायला आधी वहीत नाव लागते.

अलीकडे गावात गेले की लाडक्या बहिणीमुळे बाया कामाला मिळत नाहीत ही तक्रार हमखास ऐकायला मिळते. महिन्याला 1,500 रुपये म्हणजे दिवसाला 50 झाले. पन्नास रुपयांसाठी एखादी बाई तुमच्या खळ्याकडे पाठ फिरवत असेल, तर दोष त्या पन्नास रुपयांत शोधू नये. आणि खरे सांगायचे तर मी पाहिलेल्या एकाही बाईने त्या पैशांमुळे काम सोडलेले नाही. दोघीतिघींनी मात्र त्यातून गुडघ्याचे औषध सुरू केले आहे.

पुण्यात 1993 मध्ये कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायांनी बाबा आढाव यांच्या साथीने आपली पंचायत स्थापन केली तेव्हा त्यांनाही मालक नव्हता, जागा नव्हती, आणि त्यांच्या कामाला काम म्हणायला कोणी तयार नव्हते. त्यांनी पहिल्यांदा ओळखपत्र मागितले. खळ्यावरच्या बायांची स्थिती त्या मानाने सोपी आहे : व्यापारी परवानाधारक आहे, त्याचा परवाना बाजार समितीकडे नूतनीकरणाला येतो, आणि त्याच्या खळ्याचा पत्ता सर्वांना ठाऊक आहे. परवाना देताना खळ्यावर निवडीसाठी किती स्त्रिया येतात, त्यांची हजेरी कोणत्या वहीत लागते आणि त्यांच्यासाठी कडी असलेले स्वच्छतागृह आहे की नाही, एवढी माहिती बाजार समितीने घ्यावी. माथाडी मंडळाने आणि कामगार विभागाने येत्या लाल कांद्याच्या हंगामाआधी खळ्या-खळ्यावर जाऊन, मुकादमाला न विचारता, बायांना विचारून त्यांची नावे लिहावीत. त्या कामासाठी माणसे कमी पडत असतील तर माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिका तालुक्यात पुष्कळ आहेत. जनगणनेची आणि मतदारयाद्यांची कामे आम्ही आयुष्यभर केली आहेत, हेही करू.

आपल्याकडेही एक मागणे आहे. आपल्या वृत्तपत्रात रोज लासलगावच्या कांद्याच्या भावाची चौकट असते, आवक किती, किमान किती, कमाल किती, सरासरी किती. त्या चौकटीखाली त्या दिवशी खळ्यावर बाईला किती रोज मिळाला, तोही छापावा. त्याला एक ओळ पुरेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
सिडको, नाशिक